चौलचं नाव अलेक्झांड्रियात

मंडळी, पत्रिकेवर ‘अलेक्झांड्रिया आणि आपला किनारा’ असा विषय आहे. किनाऱ्याकडे येतोच, पण आधी मनातली एक सल सांगू द्या.

आपल्या सहली अलेक्झांड्रियात मुक्कामच करत नाहीत. कैरोहून पहाटे निघायचं, जाऊन-येऊन सहा तास बसमध्ये, आणि गावाला चार तास. त्यातलाही एक जेवणात! आमचंही तेच झालं. कायतबेच्या किल्ल्यापाशी उतरलो, फोटो काढले, की ‘चला, चला’. अहो, तिथेच फॅरोसचा दीपस्तंभ होता. शंभर मीटरहून उंच, दीड हजारांहून जास्त वर्षं उभा. खांदेरी बेटावरचा दिवा बघत मोठे झालेले तुम्ही. समुद्रावरून दिसणारा दिवा म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय सांगणार? १३०३च्या भूकंपानं तो खिळखिळा झाला. इब्न बतूता या अरब प्रवाशानं १३२६ मध्ये पाहिला तेव्हा एक बाजू ढासळली होती. १३४९ मध्ये बतूता पुन्हा तिथे गेला, तर आत शिरायलाही वाट उरली नव्हती. पुढे १४७७ मध्ये सुलतान कायतबेनं त्याच जागी किल्ला बांधायला घेतला. आणि आम्हाला तिथे मिळाली वीस मिनिटं!

मग मी जेवण सोडलं, टॅक्सी केली आणि कोम अल-शुकाफा गाठलं. नावाचा अर्थ खापरांचा ढिगारा. १९०० साली एक गाढव जमिनीतल्या भोकातून खाली पडलं आणि तळघरातल्या थडग्यांचा पत्ता लागला, असं सांगतात. (हसा, मीही हसलो होतो.) गोल जिना उतरून गेलं की मृतांच्या नातेवाइकांची जेवायची दगडी खोली लागते. पुढे दाराशी कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस, अंगात रोमन शिपायाचा पोशाख! इजिप्तचा देव, रोमचं चिलखत. बंदराचं गाव असंच घडतं. मी तिथून हललोच नाही, बस चुकायची वेळ आली...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मुद्द्यावर येतो.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात याच अलेक्झांड्रियात क्लॉडियस टॉलेमी या ग्रीक विद्वानानं भूगोलाचा ग्रंथ लिहिला. त्यात पैठण आहे, ‘बैठण’ म्हणून. तिथला राजा ‘सिरी-पोलेमायोस’, म्हणजे आपला सातवाहन श्री पुळुमावी. सोपारा आहे. आणि ‘सिमुल्ला’ आहे, म्हणजे आपलं अलिबागजवळचं चौल. हे त्याला कळलं कसं? आपल्याकडचा माल घेतलेली गलबतं ईशान्येच्या वाऱ्यावर तांबड्या समुद्रातल्या बंदरांना लागत. तिथून उंटांवरून नाईलकाठी, नदीतून अलेक्झांड्रियात. पंचवीस टक्के जकात, आणि मग पुढे रोम. मालाबरोबर माणसं येत, बोलत. टॉलेमी स्वतः लिहितो: सिमुल्लाला जाऊन आलेल्यांनी मला सांगितलं, की तिथले लोक गावाला ‘तिमूला’ म्हणतात.

तिथले लोक म्हणजे आपण! कान्हेरीच्या शिलालेखात हेच गाव ‘चेमुल’ आहे. ग्रीकाच्या जिभेला ‘च’ पेलला नाही, पण खरा उच्चार काय म्हणून त्यानं विचारलं, आणि लिहून ठेवलं.

म्हणून विनंती आहे. जाल तेव्हा सहलवाल्यांना बजावून सांगा: अलेक्झांड्रियात दोन रात्री मुक्काम हवा.