“देवा, सोडव रे आता”

नमस्कार श्रोतेहो. घरात शेवटच्या दुखण्यातलं माणूस असलं की “देवा, सोडव रे आता” हे कधी ना कधी कानावर पडतंच. आपण झटकन म्हणतो, “असं अभद्र बोलू नये.” झालं, बोलणं तिथंच खुंटतं.

मी घरोघर जाऊन शुश्रूषा करणारी नर्स. साताऱ्याकडच्या एका गावात तोंडाच्या कॅन्सरचे एक काका होते. राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे आणि त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी टपरीवर पुड्या मिळतातच! कुणी विचारत कसं नाही? असो. काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “ताई, आता यात काही राम नाही.” मी खाटेजवळ बसले आणि सरळच विचारलं, “काका, आपल्या हातानं जीव द्यावा, असं मनात येतं का?” काकूंनी मला डोळ्यांनी दटावलं. काका जरा वेळानं म्हणाले, “येतं. रात्री येतं.”

रात्रीच का? दुखणं रात्री वाढायचं आणि मॉर्फिनची, म्हणजे तीव्र वेदना शमवणाऱ्या औषधाची, सवय लागेल या भीतीनं मुलगा गोळी चुकवायचा. शिवाय गालाच्या जखमेला वास. “नातू जवळ येत नाही हो.” हे सांगताना ते रडले.

डॉक्टरांनी मुलाला समजावलं, मॉर्फिन चार-चार तासांनी वेळेवर सुरू झालं. वासासाठी त्यांनी जखमेवर मेट्रोनिडाझोलची भुकटी लावायला दिली. पुढच्या खेपेला गेले, तर काका नातवाकडून एकोणतीसचा पाढा म्हणून घेत होते! पुढे ते त्याच आजारानं गेले, पण घरच्यांत, बोलत-चालत.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दुखण्यातल्या माणसांची शुश्रूषा करणारी संस्था, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स हेच सांगायच्या: वेदना अंगाची, मनाची, नात्यांची, श्रद्धेची, सगळी मिळून एक असते.

जीव द्यावासा वाटतो का, असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. पुन्हा सांगते, विचारल्यानं शिरत नाही. “मरण येऊ दे” आणि “मी जीव देणार” यांतला फरक विचारल्याशिवाय कळत नाही. मनात काही ठरलंय असं दिसलं, तर माणसाला एकटं सोडू नका, औषधांचा डबा आपल्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या: १४४१६. एक, चार, चार, एक, सहा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. रात्र-रात्र उशाशी जागणाऱ्या काकूंनीही तो स्वतःसाठी लावावा.