तीस वर्षांपूर्वी तुम्ही काय काम करत होता?

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांना आधी एक विचारते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पोटासाठी तुम्ही काय काम करत होतात? बॉयलरवरचं जुनं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, खरवडून काढत होतात? सिमेंटचे पत्रे कटरने कापत होतात? ब्रेकचा ड्रम उघडून आतली धूळ हवेच्या पाइपने उडवत होतात? जहाजबांधणीत, वीजकेंद्रात, जुन्या इमारतींच्या पाडकामावर होतात? खोकला घेऊन गेलेल्या माणसाला डॉक्टर बिडी-सिगारेटचं हमखास विचारतात. या कामांचा, त्यात श्वासातून आत गेलेल्या ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा आणि तिच्यामुळे होऊ शकणाऱ्या फुफ्फुसाच्या कर्करोगाचा विषय मात्र राहून जातो. माणूसही आपणहून काढत नाही, कारण ते काम सोडून त्याला कितीतरी वर्षं झालेली असतात.

ॲस्बेस्टॉस हा खरं तर दगड, खाणीतून निघणारा. पण हा दगड पिंजता येतो. त्याचं सूत निघतं, कापड विणलं जातं, दोर वळला जातो. तो जळत नाही, कुजत नाही आणि स्वस्त पडतो. म्हणून तो छपरांच्या पत्र्यांत गेला, पाण्याच्या पाइपांत गेला, गॅस्केटमध्ये, ब्रेक लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि भट्टीवरच्या हातमोज्यांतही गेला.

पत्रा नुसता छपरावर पडून आहे, धड आहे, तोवर त्याचा धोका कमी. तो कापला, भोकं पाडली, घासला, फोडला की त्यातले तंतू मोकळे होतात. हे तंतू इतके बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. नाकाला वास येत नाही, घशाला ठसकाही लागत नाही. श्वासाबरोबर ते फुफ्फुसाच्या अगदी तळाशी जाऊन बसतात. बाहेरचं काही आत आलं की गिळून टाकणाऱ्या पेशी तिथे असतात, पण लांब तंतू त्या पेशीपेक्षाही लांब पडतो आणि तिला तो पुरता गिळता येत नाही. ती अर्धवट गिळते आणि मरते, दुसरी येते, तिचंही तेच होतं. या झटापटीत तिथे सतत दाह राहतो आणि आसपासच्या पेशींच्या गुणसूत्रांना इजा होत राहते. कर्करोग उभा राहायला यातून दहा, वीस, कधी चाळीस वर्षंही लागतात.

या मधल्या काळानेच सगळा घात केला. १९२४ साली इंग्लंडमध्ये नेली कर्शॉ ही ॲस्बेस्टॉसचं सूत कातणारी कामगार स्त्री वारली. वय ३३. तिच्या फुफ्फुसांत काय सापडलं ते त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तेव्हा चर्चा होती ती फुफ्फुसं घट्ट होत जाण्याची, धाप लागण्याची, म्हणजे ॲस्बेस्टोसिसची. कर्करोगाचा ठोस हिशेब मांडायला १९५५ उजाडलं. ब्रिटिश संशोधक डॉक्टर रिचर्ड डॉल यांनी ॲस्बेस्टॉसच्या एका इंग्लिश कारखान्यात धुळीच्या जागी किमान वीस वर्षं काम केलेल्या ११३ पुरुषांची नोंद तपासली. सर्वसाधारण लोकसंख्येच्या हिशेबाने त्यांच्यात फुफ्फुसाच्या कर्करोगाने एखादाच मृत्यू व्हायला हवा होता. झाले होते अकरा. मला यात सर्वांत जास्त बोचतं ते हे, की त्यानंतरही कित्येक वर्षं जगभर हा धंदा वाढतच राहिला. ब्रिटननेच पूर्ण बंदी घातली ती १९९९ साली.

आता धूम्रपान. हा भाग नीट ऐका, कारण काम होऊन गेलं असलं तरी यात अजूनही काही करता येतं. अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे १७,८०० इन्सुलेशन कामगारांवर अनेक वर्षं लक्ष ठेवण्यात आलं. ज्यांना धूळही नाही आणि सिगारेटही नाही, त्यांच्या तुलनेत नुसत्या धुळीत काम केलेल्यांना फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे पाचपट निघाला. नुसती सिगारेट ओढणाऱ्यांना सुमारे अकरापट. आणि धूळही, सिगारेटही, अशांना पन्नासपटीहून जास्त. पाच आणि अकरा मिळवले तर सोळा होतात, पन्नास नाही. पुढच्या अभ्यासांत आकडे कमी-जास्त आले, पण दोन्ही एकत्र आले की धोका फार वाढतो हे कायम राहिलं. फुफ्फुसात बसलेला तंतू आज कुणालाही काढता येत नाही. सिगारेट सोडता येते, आणि सोडल्यावर वर्षागणिक धोका उतरत जातो. ‘आता या वयात काय सोडायचं’ असं कृपा करून म्हणू नका.

गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तरी धुळीने झालेला कर्करोग आणि सिगारेटने झालेला कर्करोग सहसा सारखेच दिसतात. म्हणून रुग्णाने तोंडाने सांगितलेला कामाचा इतिहास इतका मोलाचा. मेसोथेलिओमा म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, त्याची गोष्ट निराळी. तो बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसमुळेच होतो, आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या मानाने तो क्वचित आढळतो.

जे आजही अशा कामावर आहेत, त्यांच्यासाठी. कोरडा पत्रा कापू नका, आधी पाण्याने भिजवा. ग्राइंडर, वेगाने फिरणारा कटर वापरू नका. धूळ झाडूने लोटू नका, हवेने तर मुळीच उडवू नका. तोंडावर रुमाल किंवा साधा कागदी मास्क बांधून हे तंतू अडत नाहीत. त्यासाठी तोंडाला घट्ट बसणारा, बारीक कण अडवणारा फिल्टर लावलेला मास्क लागतो, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही नीट बसत नाही. हे सगळं पुरवणं मालकाचं काम आहे, मागायला संकोच करू नका. आणि कामाचे कपडे घरी नेऊ नका. नवऱ्याचे धुळीने भरलेले कपडे वर्षानुवर्षं झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झालेला आहे. त्या कधी कारखान्याच्या फाटकातही गेल्या नव्हत्या.

धूळ नाकात गेलेल्या प्रत्येकाला कर्करोग होतोच असं नाही. किती वर्षं गेली, किती धूळ गेली, यावर पुष्कळ अवलंबून असतं. पण खोकला तीन आठवड्यांहून जास्त टिकला, थुंकीतून रक्त आलं, आवाज बसला तो सुटेना, वजन उगाच उतरू लागलं, तर थांबू नका. साध्या एक्स-रेत लहान गाठ निसटू शकते. सीटी स्कॅन हवा का, हे डॉक्टर ठरवतील, पण ते ठरवण्यापुरती माहिती त्यांच्यासमोर हवी.

तेव्हा आज एक कागद घ्या. कोणत्या साली कुठे कामाला होतात, हाताने नेमकं काय करत होतात, अंगावर धूळ किती बसायची, ते आठवेल तसं लिहा. जुना सोबती भेटला तर त्यालाही विचारा. डॉक्टरांकडे जाताना तो कागद बरोबर न्या आणि त्यांनी विचारलं नाही तरी पुढे ठेवा. त्या काळी घरी तुमचे कपडे कोण धूत होतं, ते नावही त्यावर लिहा, आणि त्यांनाही डॉक्टरांकडे घेऊन जा.