रेताड वाफ्यात भेंडी आणि झेंडू

(दृश्य : नेरुळ, सकाळची वेळ. भाजीवालीच्या पाटीत मुठीएवढ्या मेथीच्या जुड्या.)

ही समुद्रमेथी. कुणी नुसतं बारीक मेथी म्हणतं. इवलीशी रोपं, दोनच पानं, खाली पांढरंशुभ्र मूळ आणि मुळाला चिकटलेली वाळू. घरी आणून पाच पाण्यांनी धुतली तरी एखादा घास कचकन लागतोच. ही मेथी किनाऱ्यालगतच्या वाळूत होते. दाणे दाट फेकायचे, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं आणि दहा-बारा दिवसांत मुळासकट उपटून जुड्या बांधायच्या. तेवढे दिवस रोप दाण्यातल्या शिदोरीवरच जगतं. पुढे वाढायचं म्हटलं, तर वाळूकडे त्याला द्यायला फारसं काही नसतं.

रेताड जागेत बाग करणाऱ्याची सगळी अडचण या जुडीत दिसते. उगवतं भराभर, पोसलं जात नाही.

(दृश्य : रो-हाउसची मागची बाजू. कुंपणालगत लांबट मोकळी पट्टी. कुदळ पडते.)

नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली 1970 साली. तेव्हा या पट्ट्यात भातखाचरं होती, मिठागरं होती, खाडीची दलदल होती. बऱ्याच ठिकाणी त्यावर मुरमाचा भराव पडला आणि मग घरं उठली. म्हणून इथे कुदळ मारल्यावर काय निघेल, ते शेजारचं अंगण बघून सांगता येत नाही. कुठे मुरूम, कुठे काळा चिखल, कुठे विटांचे तुकडे. या घराच्या वाट्याला बांधकामातली उरलेली रेती आली आहे.

(दृश्य : ओट्यावर काचेची बरणी.)

आपल्या वाट्याला काय आलंय ते बघायला प्रयोगशाळाच लागते असं नाही. बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. झाकण घट्ट लावून खळखळून हलवायची आणि ठेवून द्यायची. पहिल्या मिनिटाभरात तळाला बसते ती वाळू. गाळ बसायला काही तास जातात, चिकणमाती तर दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यात तरंगत राहते. इथे मिनिट संपायच्या आत जवळजवळ सगळी माती खाली गेली आणि वरचं पाणी नितळायला लागलं.

घरच्या काकूंनी लगेच विचारलं, "दादा, लाल मातीच्या दहा गोण्या टाकल्या तर?"

माळीदादा हसले. "टाका की. पण नुसत्या वर पसरल्यात तर पैसे गेले समजा, काकू."

दादांचं म्हणणं खरं आहे. रेतीवर चिकण मातीचा थर ओतला की पाणी वरच्या थरात अडून बसतं, पूर्ण भिजल्याशिवाय खाली उतरत नाही. वर चिखल, खाली कोरडं, आणि मुळं त्या चार बोटांच्या थरात घुटमळतात. लाल माती घालायचीच असेल तर वीतभर खोल कालवून घाला. त्यापेक्षा तेच पैसे शेणखतात घातलेले बरे.

पहिल्या खेपेला वाफ्यावर चार बोटं जाडीचा खताचा थर पसरून तो वीतभर खोलपर्यंत मिसळायचा. शेणखत चांगलं कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर भुसभुशीत लागलं पाहिजे, वास मातीचा आला पाहिजे. गांडूळखत चालतं, घरच्या ओल्या कचऱ्याचं खत तर उत्तमच. पण एकदा घातलं की झालं, असं इथे होत नाही. आपल्या उष्ण, दमट हवेत सेंद्रिय खत भराभर कुजून संपतं आणि जे विरघळतं ते पाण्याबरोबर खाली निघून जातं. म्हणून दर हंगामाला पुन्हा दोन बोटं खत. मधल्या काळात शेंगदाण्याची पेंड भिजवून, भरपूर पातळ करून, पंधरा दिवसांतून एकदा. ओंजळभर युरिया एकदम टाकणाऱ्याने तो थेट गटारात टाकला तरी फरक पडणार नाही.

(दृश्य : फेब्रुवारीतला रस्ता. कडेला बदामाच्या लाल पानांचा ढीग.)

आणि हा माल फुकट आहे. झाडलोट करणारे ढीग लावून ठेवतात. दोन पोती उचलून आणली तर कुणी हरकत घेत नाही. हा पाला वाफ्यावर अंथरला की दुपारच्या उन्हात रेती तापत नाही, ओल टिकते, आणि सहा महिन्यांत त्याचंच खत होतं. एकच काळजी घ्यायची, पाला बुंध्याला टेकू द्यायचा नाही.

पाणी थोडं, पण वारंवार. नळी धरून वाफा तुडुंब भरण्यात अर्थ नाही, दहा मिनिटांत सगळं गडप होतं. बोट दोन पेरं खाली खुपसून बघा, ओल लागली तर राहू द्या. दोन झाडांच्या मध्ये मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं तर ते हळूहळू पाझरत राहतं. मडकं न रंगवलेलं घ्या, रंगवलेलं पाझरत नाही. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी त्यात ओतायला काकूंना फार आवडतं.

(दृश्य : भिंतीची सावली सरकताना.)

वाफा आखण्याआधी ऊन बघा, आणि तेही दोन ऋतूंत. आपल्याकडे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो; मधल्या काळात तो चक्क उत्तरेला झुकलेला असतो. त्यामुळे इमारतीच्या उत्तरेची पट्टी मेमध्ये लख्ख उन्हात असते आणि डिसेंबरात दिवसभर सावलीत. तिथे हिवाळी वांगी लावून फुलांची वाट बघत बसणारे बरेच भेटतात. तिथे अळू लावा, पण ओलीची सोय करून.

आता लागवड. जूनच्या आरंभी मृग लागला की भेंडी, दोडका, कारलं. भेंडीचं बी रात्रभर भिजवून टोचायचं, दीड महिन्यात पहिली तोडणी. बियाणं घेताना नाव विचारा. परभणी क्रांती ही भेंडी हळद्या रोगाला, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला, सहसा दाद देत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं कोंकण तारा कारलं आणि कोंकण हरिता दोडका आपल्या पावसाळी हवेसाठीच काढलेले वाण आहेत. रेताड जमिनीची खरी चैन याच महिन्यांत कळते. चिकण मातीत मुळं सडतात तेव्हा इथे पाणी साचतच नाही.

(दृश्य : उपटलेलं भेंडीचं रोप. कॅमेरा मुळांवर.)

हे मात्र नीट बघा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी. वर रोप खुरटलेलं, दुपारी मान टाकणारं, पाणी घातलं तरी तसंच. हे काम सूत्रकृमींचं. डोळ्यांना न दिसणारे हे किडे गरम, मोकळ्या रेतीत मजेत फिरतात. भेंडी, वांगी, टोमॅटो त्यांना प्रिय. फुलांत अबोली.

त्यांच्यावर घरगुती उपाय म्हणजे झेंडू. त्याच्या मुळांतलं द्रव्य सूत्रकृमींना मारक असतं. पण कडेला शोभेपुरती दोन झाडं लावून काही होत नाही, तो दाट लावावा लागतो आणि दोन-तीन महिने ठेवावा लागतो. म्हणून इथे फुलांचा वाफा वेगळा आणि भाजीचा वेगळा, असं कायमचं ठेवलेलं नाही. पट्टीचे दोन भाग केलेत. एकात भेंडी, दुसऱ्यात झेंडू, पुढच्या हंगामात अदलाबदल.

झेंडूचं बी दसऱ्याच्या दोन-अडीच महिने आधी, आडोशाला ट्रेमध्ये टाकायचं. मुसळधार पावसात उघड्यावर टाकलं तर बी वाहून जातं, आणि जे उगवतं ते गोगलगायी रात्रीत फस्त करतात. महिन्याभराची रोपं वाफ्यात हलवायची, शेंडा एकदा खुडायचा म्हणजे फांद्या फुटतात.

(दृश्य : पायवाटेच्या कडेला गुलाबी, पिवळी फुलं, सकाळी दहाची उघडलेली.)

कडेच्या निव्वळ रेतीत, जिथे खत घालायची इच्छा नाही, तिथे ही ऑफिस टाइमची फुलं. काडी खोचली की लागते. सदाफुलीही तशीच. मोगऱ्याला मात्र खत हवं, आणि डिसेंबर-जानेवारीत छाटणी. मग उन्हाळ्यात ओंजळ भरते.

दिवाळी झाली की झेंडू उपटून फेकायचा नाही. कोयत्याने बारीक तुकडे करून मुळांसकट तिथेच गाडायचा, वर खताचा थर, वर पाला. तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी मिरची-वांग्याची रोपं. आणि शेजारी, जिथे पावसाळ्यात भेंडी होती, तिथे काकूंनी यंदा मेथीदाणे फेकलेत. "पानं चार झाली तरी उपटणार नाही," म्हणाल्या, "मोठी होऊ दे. आता खत घातलंय की!"