सायकल ठेवायची कुठे?

श्रोतेहो, सामायिक वाहतुकीच्या नव्या सेवा लोक का स्वीकारतात आणि का नाकारतात, हा आजचा विषय मी पुण्याच्या भाड्याच्या सायकलींवरून मांडणार आहे. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याच सुमारास विद्यापीठाच्या आवारात व औंधमध्ये या सायकली आल्या. मोबाइलवर कोड स्कॅन केला की कुलूप उघडायचे आणि काम झाले की वाटेल तिथे सायकल सोडून जायचे. पेडल, ओफो, मोबाइक, युलू अशा सेवा एकामागून एक आल्या. त्यांपैकी ओफोने २०१८ मध्येच भारतातून गाशा गुंडाळला, आणि काही वर्षांत यांतल्या बहुतेक सायकली रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या.

‘पुणेकरांनीच सायकली मोडल्या’ असे म्हणून आपण हात झटकतो. मोडतोड झाली, चोऱ्याही झाल्या, हे खरेच आहे. पण एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या गावाला सायकलच नकोशी झाली, हे मला पटत नाही. विद्यापीठाच्या आवारात अंतरे लांब, वाहने कमी आणि फाटकावर पहारा, त्यामुळे तिथे सायकलला जागा होती. बाहेरच्या रस्त्यावर मात्र तीच सायकल कोणाच्या तरी वाटेत येत होती. औंधमधला एक दुकानदार रोज सकाळी शटर उघडण्याआधी दोन-तीन सायकली उचलून बाजूला ठेवताना मी पाहिला आहे. त्यांतल्या एकीचे सीट कोणीतरी काढून नेलेले होते. सेवा सुरू होण्यापूर्वी त्याला कोणी काही विचारले नव्हते. वस्तीतून सोसायट्यांत कामाला जाणाऱ्या बायकांनाही नाही, आणि खरे तर दीड-दोन किलोमीटरची पायपीट वाचवण्याची गरज सर्वांत जास्त त्यांनाच होती.

याउलट शेअर रिक्षा वापरायला कोणाला शिकवावी लागली नाही. थांबा ठरलेला, भाडे माहीत, ‘चला, एक सीट’ अशी हाक आली की बसायचे.

बाइक टॅक्सीच्या बाबतीत मात्र भाड्याच्या सायकलींसारखेच घडले. आधी सेवा आली, मग नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यातल्या रिक्षाचालकांनी बंद पुकारला, जानेवारी २०२३ मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात होते, आणि ई-बाइक टॅक्सीच्या धोरणाला राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती एप्रिल २०२५ मध्ये. ज्यांच्या पोटावर परिणाम होणार होता, त्यांच्याशी पहिल्याच दिवशी बोलणे व्हायला हवे होते.

आता मेट्रोच्या स्थानकांबाहेर अशा सेवांची पुन्हा आखणी होईल, तेव्हा नकाशा कार्यालयात काढण्याआधी अधिकाऱ्यांनी त्या रस्त्यावर तासभर उभे राहावे, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. त्या दुकानदाराला मी विचारले होते, तेव्हा त्याने पलीकडे बोट दाखवले : “शटर सोडून कुठेही ठेवा हो. तो खांब आहे ना, त्याच्यामागे दहा सायकली मावतात.”