एक भांडं, एक चमचा

[दृश्य: टेबलावर वजनकाटा. त्यावर एकावर एक ठेवली जातात: स्टीलची ताटली, वाटी, पेला, चमचा, काटा, सुरी.]

सॅक भरताना तंबूचं वजन सगळे बघतात, झोपायच्या पिशवीचं बघतात, स्टोव्हचंही बघतात. जेवायची भांडी मात्र शेवटी उरतात आणि जिथे जागा सापडेल तिथे कोंबली जातात. एकेक हातात घेतली तर कशाचंच ओझं वाटत नाही. सगळी मिळून वजनकाट्यावर ठेवली, की आकडा अर्ध्या किलोच्या पुढे सहज जातो.

वजन कमी करायचं म्हटलं की लगेच टायटॅनियमचं नाव निघतं. त्याच्याकडे आपण येणारच आहोत, पण आधी साधी वजाबाकी करू. घरातला जेवणाचा स्टीलचा चमचा साधारण 40 ते 60 ग्रॅमचा असतो. टायटॅनियमचा चमचा 15 ते 20 ग्रॅमचा. म्हणजे चमचा बदलून वाचले फार तर 40-45 ग्रॅम. तोच जुना चमचा ठेवून ताटली, वाटी, काटा आणि सुरी घरी राहू दिली, तर याच्या कितीतरी पट वजन उतरतं, आणि त्यासाठी काही विकतही घ्यावं लागत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे: काय न्यायचं नाही हे पहिल्यांदा ठरवा, चमचा कशाचा घ्यायचा हे नंतर.

[दृश्य: वजनकाट्यावरून एकेक वस्तू बाजूला काढली जाते. शेवटी एक छोटं पातेलं आणि एक चमचा उरतो.]

एकट्याने चालणाऱ्याला ज्या भांड्यात शिजवलं त्यातूनच खाता येतं. दोघं असतील तर एकाने भांड्यातून खावं, दुसऱ्याने पेल्यातून. काही भांड्यांचं झाकण खोलगट असतं, तेच ताटलीचं काम करतं. सुरी वेगळी कशाला? खिशातली घडीची सुरी बहुतेकांकडे असतेच. आणि काट्याने टोचून खावं असं मुक्कामाच्या जेवणात फारसं काही नसतं. नूडल्स असतील तर उकळत्या पाण्यात टाकण्याआधी मोडून घ्यायच्या, चमच्यात नीट येतात.

आता चमचा. तो हातात कसा बसतो हे बघून आपण घेतो. खरं तर तो कशात बुडणार आहे हे बघायला हवं.

[दृश्य, अगदी जवळून: उभा, अरुंद पाऊच. आत आखूड चमचा जातो. बोटं कडेला टेकतात.]

गरम पाणी ओतून तयार होणारं सुकं जेवण पाऊचमध्ये येतं. पाऊच उभा, अरुंद आणि खोल. नेहमीच्या 16-17 सेंटीमीटरच्या चमच्याने तळ गाठायचा तर बोटं आत घालावी लागतात आणि मूठभर रस्सा हाताला लागतो. पण त्याहून मोठी अडचण आधीच झालेली असते. पाणी ओतल्यावर ढवळताना चमचा तळाच्या कोपऱ्यापर्यंत पोचलेला नसतो. तिथला मसाला कोरडाच राहतो, मीठही तिथेच. वरचं जेवण बेचव लागतं आणि शेवटचा घास खारट. हे टाळायला लांब दांडीचा चमचा हवा, 21-22 सेंटीमीटरचा. आखूड चमच्याच्या तुलनेत त्याचं वजन दोन-चार ग्रॅमच जास्त भरतं.

पसरट, बुटक्या भांड्यातून खाणाऱ्याला मात्र ही लांबी नडते. भांड्यावर ठेवलेला चमचा घसरून खाली पडतो, आणि झाकण लावून तो आत ठेवता येत नाही. तिथे आखूड चमचाच बरा. घडीचे चमचेही मिळतात, पण बिजागरीच्या फटीत भात आणि डाळीचे कण जाऊन बसतात आणि थोडक्या पाण्यात ते निघत नाहीत. घडीचा घ्यायचाच असेल तर ज्याची कडी सरकवून दांडी घट्ट बसते असा घ्यावा, आणि ती फट उघडून धुता येते का हे दुकानातच बघून घ्यावं.

[दृश्य: जुन्या पेटंटच्या रेखाचित्रासारखं चित्र. चमचा, काटा आणि सुरी एकाच वस्तूत.]

एकाच वस्तूत सगळं, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत 1874 साली सॅम्युएल फ्रान्सिस यांनी चमचा, काटा आणि सुरी एकत्र असलेल्या वस्तूचं पेटंट घेतलं होतं. आज दुकानात दिसणारा स्पॉर्क, म्हणजे टोकाला काट्यासारखे दाते असलेला चमचा, त्याच घराण्यातला. मला तो पटत नाही. दाते इतके आखूड असतात की धड टोचता येत नाही, आणि दात्यांच्या मधल्या फटींतून रस्सा गळतो. पाऊचच्या तळाशी खरवडताना टोकं प्लास्टिकला भोक पाडू शकतात. दोन टोकांचा प्रकार, एका बाजूला चमचा आणि दुसऱ्या बाजूला काटा, दिसायला छान. पण काटा वापरायचा तर चमच्याचं खरकटं टोक हातात धरावं लागतं. साधा चमचा या सगळ्यांपेक्षा जास्त कामं करतो.

[दृश्य: चार चमचे शेजारी शेजारी. स्टील, टायटॅनियम, ॲल्युमिनियम, प्लास्टिक.]

आता धातू. एका घन सेंटीमीटर स्टीलचं वजन साधारण 8 ग्रॅम, टायटॅनियमचं साडेचार, ॲल्युमिनियमचं 2.7. मग ॲल्युमिनियमच सगळ्यात हलकं, तर टायटॅनियमचा एवढा आग्रह का? कारण ॲल्युमिनियम मऊ आहे. चमचा पातळ केला तर घट्ट जेवणात तो वाकतो, वाकू नये म्हणून जाड करावा लागतो, आणि वाचलेलं वजन परत येतं. शिवाय ते उष्णता फार वेगाने पुढे नेतं, स्टील किंवा टायटॅनियमच्या दहापट तरी. गरम भांड्यात राहिलेला ॲल्युमिनियमचा चमचा उचलताना बोटांना चटका बसतो, ओठांनाही. टायटॅनियमची दांडी त्याच भांड्यात बराच वेळ हातात धरण्यासारखी राहते.

टायटॅनियम महाग आहे ते दुर्मीळ असल्यामुळे नव्हे. पृथ्वीच्या कवचात ते भरपूर आहे. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर यांना 1791 मध्ये काळ्या वाळूत त्याचा शोध लागला. पण ऑक्सिजन त्याला सोडत नाही. लक्झेंबर्गचे विल्यम क्रोल यांनी 1930 च्या दशकात जी पद्धत विकसित केली, तीच आजही मुख्यतः वापरली जाते: खनिजाचं आधी क्लोराइड करायचं, मग मॅग्नेशियमने त्यातून धातू मोकळा करायचा. हे काम सलग चालत नाही, एकेक खेप करत चालतं, आणि ऊर्जा खूप लागते. पैसे त्याचे जातात. मात्र तोच हट्टी ऑक्सिजन खाताना आपल्या उपयोगी पडतो. धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप बसतो, त्यामुळे आंबट जेवणातही धातूची चव उतरत नाही आणि गंज चढत नाही.

[दृश्य, अगदी जवळून: दोन टायटॅनियमचे चमचे. एकाचा खोलगट भाग खरखरीत, दुसऱ्याचा चकचकीत.]

घेताना एक बघा. काही चमचे सगळीकडे खरखरीत ठेवलेले असतात. हातात पकड छान येते, पण ओठांना आणि दातांना तो स्पर्श नकोसा वाटतो. दांडी खरखरीत आणि तोंडात जाणारा भाग चकचकीत, असा चमचा शोधावा. कडेवरून बोट फिरवून धार राहिलेली नाही ना, तेही बघावं.

प्लास्टिकला नावं ठेवायचं कारण नाही. चांगला प्लास्टिकचा चमचा 10 ग्रॅमच्या आसपास असतो, स्वस्त असतो आणि नॉनस्टिक भांड्यावर ओरखडे उठवत नाही. भांडं नॉनस्टिक असेल तर धातूचा चमचा नेऊच नये. पण प्लास्टिक कुठलं, हे विचारावं. पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होऊ लागतं. उन्हाळ्यात वाकणारा चमचा बर्फाच्या ठिकाणी, गारठून घट्ट झालेल्या जेवणात, मानेपाशी कटकन तुटतो. पॉलिकार्बोनेट थंडीत जास्त टिकतं. कुठलंही असलं तरी ते स्टोव्हच्या ज्योतीपासून आणि तापलेल्या भांड्याच्या कडेपासून लांब ठेवायचं. लाकूड आणि बांबूही हलके असतात, फक्त ते ओले असताना बंद डब्यात ठेवले तर बुरशी धरतात.

पेल्याबद्दल एकच सूचना, पण महत्त्वाची. दुहेरी भिंतीचा पेला चहा गरम ठेवतो, पण त्याला आच दाखवायची नाही. मधल्या बंद पोकळीतली हवा तापून फुगते आणि पेला फुटू शकतो. पाणी उकळायचं असेल तर एकेरी भिंतीचाच हवा, आणि तो हलकाही असतो.

[दृश्य: ओढ्यापासून दूर बसून कोणी थोड्याशा पाण्यात चमचा धुतं आहे.]

चमचा ज्याचा त्यानेच वापरायचा. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस चालणाऱ्यांच्या तांड्यात वेगाने पसरतो, आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरने तो नीट मरत नाही. साबण आणि पाणीच लागतं. धुणं मात्र ओढ्यात नको. निसर्गात मागे खुणा न ठेवता फिरायला शिकवणाऱ्या ‘लीव्ह नो ट्रेस’ची शिफारस आहे, पाण्यापासून 200 फूट, म्हणजे साधारण 60 मीटर दूर.

राखाडी टायटॅनियम दगडमातीत चटकन दिसेनासं होतं. दांडीच्या भोकात भडक रंगाची दोरी ओवून ठेवावी. एवढं करूनही चमचा हरवलाच, तर पुढची जेवणं पाणी वाढवून पातळ करावी आणि भांड्यालाच तोंड लावून प्यावी. भांडं ॲल्युमिनियमचं असेल तर आधी कडेला बोट लावून बघावं. आतलं जेवण पिण्याजोगं झालं तरी कड अजून पोळत असू शकते.