समेवरचा फोटो

श्रोतेहो, नमस्कार. मैफलीचा फोटो आधी कानांनी काढायचा असतो. असं ज्यांच्या तोंडून ऐकलं, ते बुजुर्ग छायाचित्रकार मला पुण्यात एका कॅमेऱ्याच्या दुकानात भेटले. रविवारी सकाळी दुकानाने त्यांचा कार्यक्रम ठेवला होता. काचेची कपाटं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडलेल्या. समोर बहुतेक तरुण मुलं, मांडीवर नवेकोरे कॅमेरे.

या गृहस्थांचं अर्धं आयुष्य 'सवाई'च्या मांडवात गेलं. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला हा महोत्सव. तेव्हा गाणं रात्रभर चालायचं. आता बहुतेक दिवशी रात्री दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, आणि उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकायचे राहूनच जातात. मला ही फार मोठी हानी वाटते. असो.

तर एका मुलाने विचारलं, "सर, लेन्स कुठली वापरायची?" सरांनी पिशवीतून आपला जुना निकॉन एफएम टू काढला. आत रोल नव्हता. त्यांनी नुसतं बटण दाबलं. खट्! दुकानभर ऐकू गेलं. म्हणाले, "विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल चाललाय, गायक षड्जावर स्थिरावलाय, आणि तुम्ही पहिल्या रांगेतून हा आवाज करताय. चालेल?" कोणी बोलेना.

मग त्यांनी मोबाइलवर एक ख्याल लावला. विलंबित एकताल, बारा मात्रांचा. "समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर बटण दाबायचं. तबल्याच्या धिंमध्ये तुमचा खट् बुडाला पाहिजे." कॅमेरा हातोहात फिरू लागला. पहिला मुलगा धिं ऐकून दाबायचा, म्हणजे उशीर झालेलाच. दुसऱ्याने घाईने आधीच दाबलं. तिसऱ्याला तर सम कुठे गेली तेच कळलं नाही. विलंबितातलं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, चांगलं लांब असतं. चुकलात की पुढच्या समेपर्यंत थांबा!

मागच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या, मुलाबरोबर आलेल्या. त्यांची बोटं पर्सवर मात्रा मोजत होती. सरांचं बरोबर तिकडे लक्ष. "ताई, तुम्ही या." त्या म्हणाल्या, "अहो, मी कधी कॅमेरा हातात धरला नाही." "गाणं शिकलात ना? मग झालं." बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावलाच नाही, छातीशी धरला. मुखडा, म्हणजे समेकडे नेणारे बंदिशीचे शब्द, सुरू झाला तशी त्यांची मान किंचित हलली. धागे, तिरकिट, धी, ना... आणि धिं! खट् ऐकूच आला नाही. आम्हाला वाटलं, त्यांनी दाबलंच नाही. सर हसले, म्हणाले, "फोटो निघाला."

सगळ्या दुकानाने टाळ्या वाजवल्या, श्रोतेहो, आणि सगळ्यात जोरात त्यांच्या मुलाने!

मग सरांनी थोडक्यात समेचं कारण सांगितलं. रोलमध्ये छत्तीसच फोटो. फ्लॅश वर्ज्य. चारशे आयएसओची, म्हणजे तेवढ्या प्रकाशसंवेदनशीलतेची फिल्म सोळाशेची समजून वापरायची आणि धुताना डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची, तेव्हा कुठे एक साठांश सेकंदाचा वेग मिळायचा. तेवढ्यात तानेतला हात फोटोत पुसट होतो. समेवर मात्र हात येऊन टेकतो, चेहरा क्षणभर ठरतो. म्हणून सम. पुन्हा सांगतो, सम ऐकू येण्याआधी ती येतेय हे कळलं पाहिजे, आणि ते मुखड्यावरून कळतं.

आता फोटोसाठी भराभर शंभर वेळा बटण दाबता येतं, बिनआवाजाचे कॅमेरेही आले. तरी मैफलीत मोबाइल उंच धरून बसणाऱ्यांनी मागच्यांचा विचार करावा, हे मला सांगायचंच आहे. आणि शेवटची भैरवी सुरू होताच चपला शोधायला उठणाऱ्यांनीही!

निघताना सरांनी सगळ्यांना एक विनंती केली, ती तुमच्यापर्यंत पोचवतो. घराघरांत जुन्या मैफलींचे फोटो पडून आहेत. गायकाला सगळे ओळखतात. मागे तानपुऱ्यावर कोण, पेटीवर कोण, गाव कुठलं, साल कुठलं, हे घरातल्या एखाद्याच वडीलधाऱ्याला ठाऊक असतं. त्यांना आजच विचारा आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहून ठेवा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो. नमस्कार.