दोरीनं फेकायचा गळ

श्रोतेहो, नमस्कार. पंचगंगेच्या काठावर गळ टाकून बसलेली माणसं आपल्याला नवी नाहीत. काठी, तंगूस, शिशाचा गोळा आणि गळाला कणीक नाहीतर गांडूळ. यात लांब जातं ते शिसं, तंगूस त्याच्यामागं ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये गाडी उलटी आहे. इथं गळावर पिसं, लोकर आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा असतो. त्यालाच फ्लाय म्हणतात. तिला वजन जवळजवळ नसतंच, नुसती कितीही जोरात फेका, पायाशीच पडेल. म्हणून वजन दोरीत घातलेलं असतं. फेकायची ती दोरी, फ्लाय फक्त तिच्या टोकाला बांधलेली.

त्यामुळं खरेदी दोरीपासून सुरू करा. काठी आणि दोरी दोन्हींवर नंबर असतो आणि तो जुळावाच लागतो. सहा नंबरच्या दोरीचे पुढचे 30 फूट साधारण 10 ग्रॅम भरतात, आणि सहा नंबरची काठी तेवढ्या वजनाला नीट वाकेल अशी बनवलेली असते. चार नंबरची दोरी सहाच्या काठीवर लावली तर काठी वाकतच नाही. मग माणूस खांद्यातून जोर लावत बसतो. पुस्तकं नवशिक्याला बहुधा पाच नंबर सांगतात. आपल्याकडं तलावावर दुपारनंतर वारा सुटतो, म्हणून 9 फुटी, सहा नंबरची काठी बरी. दोरी पाण्यावर तरंगणारी आणि पुढच्या बाजूला जाड असलेली घ्यावी. पाकिटावर डब्ल्यू-एफ-सहा-एफ असं लिहिलेलं असतं. पैसे कमी असतील तर काठी आणि रीळ साधी घ्या, दोरीत काटकसर नको. सुरुवातीला रीळ म्हणजे दोरी गुंडाळून ठेवायची जागा, एवढंच तिचं काम.

दोरीच्या पुढं 9 फुटांचा निमुळता नायलॉनचा धागा येतो, त्याला लीडर म्हणतात, आणि त्याच्या टोकाला दीड-दोन फूट बारीक तंगूस, म्हणजे टिपेट. चार एक्स नंबरचा टिपेट सुमारे 0.18 मिलिमीटर जाड असतो, चिलापीला तो पुरतो. फ्लाय बांधताना टोक गळाच्या डोळ्यातून ओवून मूळ धाग्याभोवती पाच वेढे फिरवून गळाच्या डोळ्याजवळच्या फटीतून परत आणा, तयार झालेल्या मोठ्या फासातून ओवा आणि आवळण्याआधी गाठ थुंकीनं ओली करा. कोरडी आवळली तर घासून तापते आणि नायलॉन तिथंच कमजोर होतं. मासा तोडून गेला असं वाटतं, खरं तर गाठ आधीच गेलेली असते.

आता फेक. नदीवर जाऊ नका, गवताचं मैदान गाठा. डांबर किंवा काँक्रीटवर दोरीचं आवरण खरवडतं. फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधा आणि 30 फूट दोरी समोर सरळ पसरून ठेवा. काठीचं टोक जमिनीशी, अंगठा मुठीवर, डाव्या हातात दोरी ताणून धरलेली. सावकाश उचला, वेग वाढवत न्या, आणि काठी घड्याळाच्या एकच्या काट्याशी (सरळ उभी म्हणजे बारा, एक म्हणजे थोडी मागं) आली की झटक्यात थांबवा. थांबल्याशिवाय काठीतला ताण दोरीत उतरत नाही. मग वाट पाहा. दोरी मागं पूर्ण सरळ होऊ द्या. मान वळवून बघा, त्यात कमीपणा नाही. सरळ झाली की पुढं, आणि दहाच्या काट्याशी पुन्हा थांबा. त्यानंतरच टोक खाली सोडा.

आसूडासारखा फट् आवाज आला तर तुम्ही घाई केलीत. पाण्यावर असता तर फ्लाय तुटून उडाली असती. दोरी मागं जमिनीवर आपटते, ती मनगट मोडून काठी फार मागं गेल्यामुळं. लीडरमध्ये आपोआप गाठी पडतात. लोक वाऱ्याला दोष देतात, पण बहुतेक वेळा जोर एकदम लावल्यानं दोरी स्वतःलाच छेदून जाते. अशी एक गाठ टिपेटची ताकद निम्म्यावर आणते, ती दिसली की तुकडा बदला. रोज पंधरा मिनिटं पुरेत. तासभर केलंत तर हात दमतो आणि मनगट ढिलं पडतं.

आपल्या काठावर आणखी एक अडचण: मागं ऊस. मागची फेक पाल्यात अडकते. तिथं रोल कास्ट करावा. दोरी पाण्यावरून सावकाश ओढत काठी कानाशी आणायची, क्षणभर थांबायचं, दोरीचा पोट सुटलेला भाग खांद्यामागं लोंबला की पुढं झटका देऊन थांबायचं. याला पाण्याची पकड लागते, गवतावर नीट जमत नाही.

मासा कोणता? पहिल्या वर्षी रोहू-मृगळाच्या नादाला लागू नका. ते शेवाळ आणि तळातला गाळ चरतात, किड्यामागं सहसा धावत नाहीत. चिलापी उत्तम. उथळ काठाशी तिची ताटलीसारखी घरटी दिसतात. बारा किंवा चौदा नंबरची निंफ, म्हणजे पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लासारखी बुडती फ्लाय, तिच्या जवळून सावकाश ओढा. गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. चिलापी ओढत नाही, फ्लाय नुसती तोंडात घेते. दोरीचं टोक थबकलं की डाव्या हातानं दोरी खेचा, काठी वर उचलू नका. मरळीला मोठी तरंगती फ्लाय आणि आठ नंबरची काठी लागते, ते पुढचं काम. खडस, म्हणजे महसीर, मिळालीच तर हात ओले करून, पाण्यातच गळ काढून सोडून द्या. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीनं आधीच दाबून ठेवला की हे सोपं जातं. तुमच्या स्वतःच्या कानात गळ घुसला तरीही.

गढूळ पाण्यात माशाला फ्लाय दिसत नाही, म्हणून पावसाळा सोडून द्या. बंधाऱ्याला बरगे बसले आणि पाणी निवळलं की निघा. धरण-तलावांवर मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थांकडं असतो, आधी विचारा. राधानगरी अभयारण्यात गळ न्यायचाच नाही. वरून पाणी सोडलं की पातळी पटकन चढते, तेव्हा बंधाऱ्याखाली पाण्यात उभं राहू नये. शिरोळकडं कृष्णेत मगरी आहेत, तिथं तर पाण्यात उतरूच नका.

टोपी आणि चष्मा प्रत्येक फेकीला हवा. आणि काठावर उभं राहण्याआधी वर बघा. शेतीपंपांच्या मोटारींना गेलेल्या विजेच्या तारा नदीकाठानं बऱ्याच खाली लोंबलेल्या असतात. कार्बनची काठी वीज वाहून नेते आणि ओली दोरीही भरवशाची नाही. तार दिसली तर काठी खाली करून, आडवी धरून पुढं चाला आणि तारेपासून भरपूर लांबची मोकळी जागा शोधा.